नोकरी सोडून पोस्टबॅक प्रीमेड: ताण झेपेनासा झालाय, या वाटेने कुणी गेलंय का?

आयर्विनपूल | १४ ऑक्टोबर, रात्री १.५०

बरीच वर्षं इथे फक्त वाचते आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, कारण हे घरी बोलता येत नाहीये आणि इंग्रजी फोरमवर लिहायला गेले तर आत जे आहे ते बाहेरच येत नाही.

मी मूळची सांगलीची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. २००९ च्या सीईटीत मेडिकल थोडक्यात हुकलं. मग इंजिनिअरिंग, २०१३ मध्ये एमएससाठी अमेरिकेत, त्यानंतर नऊ वर्षं सॉफ्टवेअर. नवरा इथेच जन्मलेला, त्यामुळे ग्रीन कार्डाचा प्रश्न सुटला. वय ३४. मध्यंतरी बाबांच्या आजारपणात तीन आठवडे मिरजेत वॉर्डात राहिले. रात्री तीनला ड्युटीवरची रेसिडेंट डॉक्टर मुलगी खुर्ची ओढून आईशेजारी बसली आणि क्रिएटिनिन म्हणजे काय ते तिला समजेल अशा भाषेत सांगितलं. बाबा गेले. मी परत आले, पण मन कामात परत आलं नाही. गेल्या वर्षी नोकरी सोडली आणि इथल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत पोस्टबॅक प्रीमेड सुरू केलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेत एमडी (डॉक्टर होण्याची पहिली पदवी, आपल्याकडच्या एमबीबीएससारखी) हे दुसरी एखादी पदवी घेतल्यानंतरचं शिक्षण आहे. पदवी दुसऱ्या विषयात झाली असेल तर आधी केमिस्ट्री, ऑर्गॅनिक, बायोलॉजी, फिजिक्स हे सगळं प्रयोगशाळेसकट करावं लागतं. त्यालाच पोस्टबॅक म्हणतात. पुढे एमकॅट ही प्रवेशपरीक्षा, मग अर्ज, मग मुलाखती.

पहिलं वर्ष बरं गेलं, जनरल केमिस्ट्री आणि बायो दोन्हीत ए. या सत्रात ऑर्गो वन (ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचा पहिला भाग), फिजिक्स वन, स्टॅट्स, दोन लॅब्ज. शिवाय आठवड्याला बारा तास इमर्जन्सी रूममध्ये स्क्राइबचं (डॉक्टरांच्या नोंदी टिपण्याचं) काम आणि चार तास हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेतात तिथे. एप्रिलमध्ये एमकॅट, जूनमध्ये अर्ज, असं ठरवलंय.

परवा ऑर्गोच्या पहिल्या मिडटर्ममध्ये १०० पैकी ५४ आले. आयुष्यात इतके कमी कधीच मिळाले नव्हते. वर्गातली बाकीची मुलं एकोणीस-वीस वर्षांची. पेपर हातात आला तेव्हा शेजारच्या मुलाने सहज वळून पाहिलं, आणि मी कागद झाकला. तेव्हापासून झोप चार तासांवर आली आहे. जिना चढताना छातीत धडधडतं. नवऱ्याला "ठीक गेला" म्हणून सांगितलं. आईला तर काहीच नाही. ती रोज फोन करते आणि मी गोड बोलते.

कुणी यातून गेलंय का? हा ताण कसा हाताळलात?

---

पारिजात | १४ ऑक्टोबर, सकाळी ६.२०

मी गेलेय. पोस्टबॅक करून आता इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीच्या (एमडीनंतरच्या प्रशिक्षणाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. रात्रपाळी संपवून लिहितेय, तेव्हा विस्कळीत वाटलं तर समजून घे.

अभ्यासाचं नंतर. जिन्यावर धडधडतं हे "टेन्शन आहे" म्हणून सोडून देऊ नकोस. असेलही टेन्शन, पण ते शेवटी ठरवायचं असतं, आधी नाही. विद्यापीठाच्या हेल्थ सेंटरमध्ये या आठवड्यात वेळ घे. ईसीजी, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन करून घे. आपल्या पंधरा पेशंट्सना आपण हे सांगतो आणि स्वतःच्या बाबतीत विसरतो.

दुसरं सरळ विचारते, राग मानू नकोस. मरावंसं वाटणं, सकाळी जागच येऊ नये असं वाटणं, यातलं काही आहे का? असेल तर इथे उत्तर द्यायची गरज नाही, आत्ता ९८८ ला फोन किंवा मेसेज कर. अमेरिकेत कुठूनही चालतो, चोवीस तास. भारतातून वाचणाऱ्यांसाठी टेलिमानसचा १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

---

आयर्विनपूल | १४ ऑक्टोबर, सकाळी ८.०५

नाही, तसं काही नाही. पण विचारलंस म्हणून बरं वाटलं. हेल्थ सेंटरला गुरुवारची वेळ मिळाली आहे.

---

घाटमाथा | १४ ऑक्टोबर, सकाळी ९.४०

मनापासून विचारतो, दुखावण्याचा हेतू नाही. ३४ वय. पोस्टबॅक अजून वर्ष-दीड वर्ष, अर्जाचं एक वर्ष, चार वर्षं मेडिकल स्कूल, नंतर किमान तीन वर्षं रेसिडेन्सी. हातचा पगार गेला, वर कर्ज. बाबांच्या जाण्याचं दुःख आणि डॉक्टर व्हायची इच्छा या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. तुम्ही त्या वेगळ्या करून पाहिल्यात का?

---

आयर्विनपूल | १४ ऑक्टोबर, दुपारी १२.१५

प्रश्न रास्त आहे. पाहिल्यात. म्हणूनच नोकरी सोडायच्या आधी सहा महिने शनिवारी हॉस्पिसला जात होते. तिथल्या खोलीत बसले की घड्याळाकडे लक्ष जात नाही. नऊ वर्षांत ऑफिसमध्ये असं एकदाही झालं नाही. इच्छेबद्दल शंका नाही, झेपण्याबद्दल आहे.

---

मृद्गंध | १४ ऑक्टोबर, दुपारी ३.३०

मी एका विद्यापीठात प्रीहेल्थ ॲडव्हायजिंगमध्ये (मेडिकलकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांना सल्ला देण्याचं) काम करते. तुझ्या पोस्टमधली एक गोष्ट बाकीच्यांच्या लक्षात येणार नाही, म्हणून लिहिते.

इथे शिकलेल्या मुलाचा पोस्टबॅकमधला एक बी त्याच्या आधीच्या चार वर्षांच्या गुणांत विरून जातो. तुझी पदवी भारतातली. एमडीचे बहुतेक अर्ज जिथून जातात ते एएमसीएएस परदेशातल्या अभ्यासक्रमाचे गुण जीपीएत (गुणांच्या सरासरीत) धरत नाही. एमएसचा जीपीए असतो, पण तो पदव्युत्तर म्हणून वेगळ्या रकान्यात. म्हणजे तुझा अंडरग्रॅड जीपीए या पोस्टबॅकच्या विषयांवरच उभा राहणार. तुला कुणी हे नीट समजावलं नसलं तरी ते ओझं जाणवत असणार. त्यामुळे "एका पेपरचं काय एवढं" असं मी म्हणणार नाही. तुझ्या बाबतीत एका विषयाला जास्त वजन आहे हे खरंच आहे.

पण त्याच कारणासाठी तुझं वेळापत्रक चुकीचं आहे. ज्याच्या प्रत्येक विषयाला वजन जास्त, त्याने एका सत्रात कमी विषय घ्यायचे. तू उलटं केलंस. ऑर्गो, फिजिक्स, दोन लॅब्ज आणि सोळा तास बाहेरचं काम, हे कुणालाही झेपणारं नाही. इथे तुझ्या कुवतीचा प्रश्नच नाही.

आता दोन प्रश्न. वर्गाची सरासरी किती होती? आणि ऑर्गोच्या सिलॅबसमध्ये गुण कसे धरतात ते सांग. तिसरं, जमल्यास आजच पाहा: विषयातून विथड्रॉ व्हायची शेवटची तारीख कोणती?

---

सोनचाफा | १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.००

मृद्गंधला अनुमोदन. मी समुपदेशक आहे, इथल्या एका कॉलेजात.

मला तुझ्या पोस्टमधल्या एका वाक्याने थांबवलं, "मी कागद झाकला." ऑर्गोचा ताण आणि झाकण्याचा ताण हे दोन वेगळे ताण आहेत. पहिला अभ्यासाने, विषय कमी करून, वेळ वाढवून कमी होतो. दुसरा अभ्यासाने कमी होत नाही, उलट वाढतो. कारण पुढच्या परीक्षेत ८० पडले तरी ५४ झाकलेले राहतातच, आणि ते झाकून ठेवायला रोज नव्याने शक्ती लागते. आईशी गोड बोलायला लागते तीच.

पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये यशस्वी स्त्रियांबद्दल एक निबंध लिहिला. सगळं मिळवूनही "आपण इथले नाही, कधीतरी उघडे पडू" अशी भीती त्यांना वाटत राहते, असं निरीक्षण त्यात होतं. आज तेच इम्पोस्टर या शब्दाने सगळ्यांच्या तोंडी आहे. पोस्टबॅकवाल्यांत मी हे फार पाहते, आणि त्याला कारणही आहे. कामाच्या जागी तुम्ही जाणते असता, चार लोक तुम्हाला विचारून पुढे जात असतात. वर्गात येऊन तुम्ही एका दिवसात नवखे होता. शिवाय वसतिगृह नाही, मित्रमैत्रिणी नाहीत, लॅब संपली की गाडीत बसून घरी. एकोणिसाव्या वर्षी नापास झालेल्या मुलाला रात्री पिझ्झा खाऊ घालणारा कुणीतरी असतो, तुला तसं कुणी नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच. या आठवड्यात एका माणसाला ५४ हा आकडा तोंडाने सांग. नवऱ्याला सांगितलास तर उत्तम.

---

वैनगंगा | १४ ऑक्टोबर, रात्री ९.१०

थोडं अवांतर. माझी भाची एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या कुटुंबीयांचा व्हिसा) आहे, तिलाही हेच करायचंय. एच-४ वर शिकता येतं ना?

---

मृद्गंध | १४ ऑक्टोबर, रात्री ९.४५

शिकता येतं. पण ग्रीन कार्ड नसलेल्यांना बरीच मेडिकल स्कूल्स प्रवेशच देत नाहीत, आणि फेडरल कर्जही मिळत नाही. एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेचं एमएसएआर म्हणून ऑनलाइन साधन आहे, त्यात प्रत्येक स्कूलचा नियम दिलेला असतो. परदेशी पदवी असेल तर इथले किती क्रेडिट्स लागतात तेही तिथेच कळतं. भाचीने पैसे भरायच्या आधी ते पाहावं. वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहीन.

---

आयर्विनपूल | १५ ऑक्टोबर, रात्री ११.२०

मृद्गंध, सिलॅबस आज पहिल्यांदा पूर्ण वाचला. सत्र सुरू होऊन सात आठवडे झाले. वर्गाची सरासरी ६१. तीन मिडटर्म, प्रत्येकी २० टक्के, फायनल ४० टक्के. आणि चौथ्या पानावर लिहिलंय: फायनलचे गुण जास्त असतील तर ते सर्वांत कमी मिडटर्मच्या जागी धरले जातील. परवापासून मी हे ५४ घेऊन मरत होते आणि ही ओळ माझ्याच बॅगेत होती.

विथड्रॉ व्हायची तारीख ५ नोव्हेंबर.

---

मृद्गंध | १६ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

छान. मग कागदावर हिशेब मांडूया. ५४ तसेच राहिले आणि उरलेल्या ८० टक्क्यांत तुझी सरासरी ८५ आली तर एकूण ७८.८. पण फायनलला ८५ आले तर ५४ च्या जागी तेच बसतील आणि एकूण ८५ होईल. सरासरी ६१ असलेल्या वर्गात ७८ हेसुद्धा वाईट नाही. प्राध्यापकांना ऑफिस अवर्समध्ये जाऊन विचार की मागच्या वर्षी ए मायनस कितीला होता. बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात.

माझा सल्ला: फिजिक्समधून ५ नोव्हेंबरच्या आत विथड्रॉ हो. ट्रान्स्क्रिप्टवर डब्ल्यू येईल, जीपीएत धरला जात नाही. एका डब्ल्यूमुळे कुणाचा अर्ज पडलेला मी पाहिलेला नाही. याउलट सी आला आणि विषय पुन्हा केला, तरी एएमसीएएस दोन्ही वेळचे गुण मोजतं. ऑस्टिओपॅथिकवाल्यांकडे (एमडीऐवजी डीओ ही डॉक्टरकीची पदवी देणाऱ्यांकडे) पूर्वी नवीन गुण जुन्याची जागा घेत, तेही २०१७ मध्ये बंद झालं. थोडक्यात, झालेला सी पुसता येत नाही. तो होऊच न देणं सोपं.

आणि एप्रिलमध्ये एमकॅट हे विसर. ऑर्गो टू आणि बायोकेम व्हायच्या आधी तू तो कशाला देणार? एक वर्ष पुढे ढकल.

---

आयर्विनपूल | १६ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

एक वर्ष पुढे म्हणजे मेडिकल स्कूल सुरू होताना ३७ होईन. हे वाचून पोटात खड्डा पडला.

---

पारिजात | १६ ऑक्टोबर, रात्री १०.१५

मला हा खड्डा माहीत आहे, म्हणून माझं सांगते.

मी घाईत अर्ज केला होता. एमकॅट नीट तयारी न करता दिला, तर ५०३ आले. परीक्षा ४७२ ते ५२८ मध्ये मोजतात, ५०० च्या आसपास मध्य. वाईट नाही, पण मला हवे होते तेवढेही नाही. २२ स्कूल्सना अर्ज केले, प्रत्येकाची दुसरी फेरी, प्रत्येकाची वेगळी फी, वेगळे निबंध. एक मुलाखत आली, तिथेही वेटलिस्ट. दरवर्षी एमडीला पन्नास हजारांहून जास्त लोक अर्ज करतात आणि प्रवेश मिळतो तो साधारण २२-२३ हजारांना. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक त्या वर्षी बाहेर राहतात, त्यात मी होते. पुन्हा तयारी, पुन्हा परीक्षा, पुन्हा अर्ज. एक वर्ष वाचवायला गेले आणि दोन घालवली. त्यातलं दुसरं वर्ष तर फार वाईट होतं, मी माणसांत जायचं सोडलं होतं.

माझ्या रेसिडेन्सीच्या तुकडीत दोन जण चाळिशीपुढचे आहेत. एक आधी शिक्षक होता, एक लष्करात मेडिक. वॉर्डात पेशंट त्यांनाच आधी हाक मारतात.

ऑर्गोबद्दल. आपण भारतात केमिस्ट्री पाठ केली. अभिक्रिया, उत्पादन, रंग, वास. इथला पेपर तशा अभ्यासाला उत्तरच देत नाही. इलेक्ट्रॉन कुठून निघाला आणि कुठे गेला हे बाणाने दाखवता आलं पाहिजे. एसएन वन, एसएन टू, ई वन, ई टू या अभिक्रियांच्या प्रकारांचे तक्ते नुसते डोळ्यांखालून घालू नकोस. कोरा कागद घे, पुस्तक बंद कर आणि यंत्रणा (अभिक्रिया टप्प्याटप्प्याने कशी होते ते) काढ. अडलीस की पाहा, पुन्हा कोरा कागद. रोज पाऊण तास, रविवारसुद्धा. वाचून "समजलं" असं वाटणं आणि कोऱ्या कागदावर येणं यात जो फरक आहे, तोच तुझ्या ५४ आणि ८० मधला फरक आहे. प्राध्यापकांकडे जाताना चुकलेला पेपर घेऊन जा. झाकू नकोस.

झोप कापून मिळवलेला वेळ खोटा असतो. दिवसा शिकलेलं रात्री झोपेत पक्कं होतं. चार तास झोपून बारा तास वाचण्यापेक्षा सात तास झोपून आठ तास वाच. मी आता हे पेशंट्सना सांगते, तेव्हा स्वतः केलं नाही.

---

रानवारा | १७ ऑक्टोबर, दुपारी १.०५

वेगळा अनुभव सांगते. मी पोस्टबॅक सोडलं. ऑर्गो टू पूर्ण केलं, बी मिळाला, आणि एके दिवशी लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून लक्षात आलं की मला पेशंटजवळ राहायचंय, पण पुढची दहा वर्षं परीक्षा देत राहायचं नाहीये. तेच विषय वापरून फिजिशियन असिस्टंटच्या (पीए, डॉक्टरांच्या जोडीने पेशंट तपासणारे) अभ्यासक्रमाला गेले. हे अभ्यासक्रम साधारण २७ महिन्यांचे असतात. आज ऑर्थोपेडिक्समध्ये आहे, स्वतःचे पेशंट तपासते, ओ.टी.त असते.

सोड असं म्हणत नाहीये. पण मला तेव्हा सगळ्यात जास्त गुदमरायला व्हायचं ते "हे नाही झालं तर काहीच नाही" या विचाराने. दुसरं दार आहे हे कळल्यावर मी पहिल्यांदा नीट झोपले. तुझं उत्तर एमडीच असेल तर ते दुसरं दार पाहून झाल्यावरही एमडीच राहील.

---

सातारकर_काका | १८ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

मी साताऱ्यात असतो, महावितरणमधून निवृत्त. मुलगी मेरीलँडला, तिने तीन वर्षांपूर्वी हाच पोस्टबॅक केला. आता मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पालकांच्या बाजूने लिहावंसं वाटलं.

मी दर रविवारी फोन करायचो आणि पहिला प्रश्न, "किती मिळाले?" काळजीपोटीच विचारायचो. हळूहळू ती फोन उचलेना. उचललाच तर "मीटिंग आहे" म्हणायची. विद्यार्थ्याला कसली मीटिंग? तिची आई म्हणाली, तुम्ही पोरीला फोन करता की मीटर रीडिंग घेता?

मला ते लागलं. दुसऱ्या रविवारी मी विचारलं, या आठवड्यात काय शिकवलं? ती म्हणाली, बाबा, फिजिक्स टू चालू आहे, कर्शॉफचे नियम, डोक्यावरून जातंय. माझी अख्खी नोकरी त्यात गेलेली. म्हटलं, कॅमेरा वहीवर धर. त्या दिवशी दीड तास आम्ही सर्किटं सोडवली. ती चुकत होती आणि माझ्यासमोर चुकायला लाजत नव्हती, कारण मी गुण विचारत नव्हतो. सत्र संपेपर्यंत एकही रविवार चुकला नाही. तिला बी प्लस मिळाला हे मला महिन्याभराने तिच्याकडूनच कळलं, मी विचारलं नाही.

ताई, तुमचे वडील गेले हे वाचलं. ते असते तर त्यांनाही आकड्यापेक्षा वही बघायला आवडली असती असं मला वाटतं. तुमच्या आईंना सांगा. आयांना गुणांचं दुःख होत नाही, कळवलं नाही याचं होतं.

---

सोनचाफा | १८ ऑक्टोबर, सकाळी १०.००

काका, तुमचा प्रतिसाद मी माझ्या विद्यार्थ्यांच्या पालकांना वाचून दाखवणार आहे. चालेल ना?

---

सातारकर_काका | १८ ऑक्टोबर, सकाळी १०.१०

खुशाल.

---

आयर्विनपूल | २४ ऑक्टोबर, रात्री १०.४०

सगळे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. काका, तुमचा वाचून बराच वेळ काही करता आलं नाही.

तब्येत: ईसीजी आणि थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन ९.८, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) फारच कमी. पारिजात, तू म्हणालीस म्हणून गेले. डॉक्टर म्हणाल्या, जिना चढताना धडधडणं आणि दुपारी डोळे मिटणं यातलं बरंचसं याचंच असू शकतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळीच्या आगेमागे चहा नको म्हणाल्या. मी दिवसाला सहा कप घेत होते, तेच जेवणाच्या जागी.

फिजिक्समधून विथड्रॉ झाले. फॉर्म भरायला चार मिनिटं लागली. भरायच्या आधी तीन दिवस रडले. स्क्राइबचं काम बारावरून सहा तासांवर आणलं. हॉस्पिस सोडलं नाही, तिथून मी रिकामी होऊन नाही, भरून येते.

ऑफिस अवर्सला पेपर घेऊन गेले. प्राध्यापकांनी पहिल्याच पानावर सांगितलं: उत्तरं बरोबर आहेत, बाण उलटे आहेत. तुम्ही उत्पादन आधी आठवता आणि मग बाण जुळवता. पारिजातने न पाहता हेच सांगितलं होतं.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटत होतं, तुझं माझ्याशी काहीतरी बिनसलंय." दोन आठवडे तो हे मनात धरून बसला होता.

आईला अजून नाही.

---

पारिजात | २५ ऑक्टोबर, सकाळी ५.५०

९.८ वर तू सोळा तास काम आणि पाच विषयांचं ओझं ओढत होतीस. डॉक्टरांनी लोह का कमी झालं याचं कारण शोधलं ना? पाळी जास्त जाते का हे विचारलं नसेल तर पुढच्या वेळी तू सांग. तीन महिन्यांनी पुन्हा तपास.

---

सोनचाफा | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.१५

दुसरी मिडटर्म जवळ आली असेल, म्हणून एक उपयोगाचं. जेरार्डो रमिरेझ आणि शान बाइलॉक यांचा २०११ चा एक अभ्यास आहे. परीक्षेच्या आधी दहा मिनिटं विद्यार्थ्यांना त्या परीक्षेबद्दल जी काही धास्ती वाटते ती कागदावर लिहायला लावली. परीक्षेची भीती ज्यांना जास्त होती, त्यांचे गुण लिहिल्याने सुधारले. डोक्यात फिरणारी चिंता जी जागा अडवते, ती थोडी मोकळी होते, असा त्यांचा विचार. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हे मातृभाषेत करायला सांगते. इंग्रजीत लिहिलं की माणूस शुद्धलेखन सांभाळत बसतो. गाडीत बसून लिही, फाड, आत जा.

---

आयर्विनपूल | १९ डिसेंबर, रात्री ९.००

धागा वर काढतेय, कारण काहींनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं.

दुसरी मिडटर्म ७१, तिसरी ७९, फायनल ८३. त्या चौथ्या पानावरच्या ओळीमुळे ५४ च्या जागी ८३ धरले, एकूण ७९.८. बी प्लस. ए मायनस ८२ ला होता. स्टॅट्समध्ये ए.

बी प्लस पाहून वाईट वाटलं, ते लपवत नाही. पण झोपले. तिन्ही वेळा गाडीत बसून मराठीत लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं ते परीक्षेबद्दल नव्हतंच, बाबांबद्दल होतं. फाडलं नाही, ठेवलंय.

एमकॅट एक वर्ष पुढे ढकलला. रानवाराने सांगितलेलं दुसरं दारही पाहिलं, एका पीए ताईंबरोबर दोन दिवस शॅडोइंग केलं, म्हणजे सोबत राहून काम पाहिलं. काम आवडलं. तरी मला एमडीच करायचंय, पण आता ते दुसरं दार पाहून म्हणतेय.

आणि आईला सांगितलं. दिवाळीच्या दुसऱ्या आठवड्यात, ५४, फिजिक्स सोडलं, एक वर्ष लांबलं, सगळं एका दमात. ती म्हणाली, "तू रोज फोनवर इतकी गोड बोलायला लागलीस तेव्हाच कळलं होतं मला. तू अशी कधी बोलतेस का?" मग म्हणाली, ती रात्री तीनला आलेली डॉक्टर पोरगी आठवते का, तिने मला सांगितलं होतं की तिला तिसऱ्या प्रयत्नात मेडिकल मिळालं. हे आईला दोन वर्षं माहीत होतं. मी त्याच खोलीत होते आणि मला माहीत नव्हतं.

---

घाटमाथा | १९ डिसेंबर, रात्री ९.५०

मी सुरुवातीला शंका घेतली होती. आकडेमोडीच्या दृष्टीने ती अजूनही आहे, पण तुमच्याबद्दल नाही. अर्जाच्या निबंधाला मराठीतून इंग्रजीत आणताना कुणी वाचायला हवं असेल तर सांगा, मी संपादनाचं काम करतो.

---

आयर्विनपूल | १९ डिसेंबर, रात्री १०.०५

नक्की. ५३०० अक्षरांत बसवायचा असतो, खूप कापावं लागणार. कापणारा माणूस हवाच आहे.

---

सातारकर_काका | २० डिसेंबर, सकाळी ७.४०

अभिनंदन ताई. जानेवारीत फिजिक्स पुन्हा घेताय ना? सर्किटं आली की हाक मारा.

---

आयर्विनपूल | २० डिसेंबर, सकाळी ८.१५

काका, सर्किटं फिजिक्स टूमध्ये. आता वनमध्ये मेकॅनिक्स. गेल्या वेळी टॉर्कच्या आधीच सोडलं होतं, त्याचीच भीती आहे. टॉर्क चालेल?

---

सातारकर_काका | २० डिसेंबर, सकाळी ८.३०

चालेल. दोन दिवस द्या, मी आधी उजळणी करतो. रविवारी तुमचे सकाळचे नऊ म्हणजे इथे संध्याकाळचे साडेसात. मुलीचा फोन सातला असतो, तो आटोपून बसतो. कॅमेरा वहीवर धरा.